मार्करचा आकडा कोणाचा, त्यावर त्याचा अर्थ ठरतो

पत्र : आम्ही अमळनेर तालुक्यातले. दिवाळीनंतर गावात एका लॅबचं तपासणी शिबिर झालं. आबांचं (वय 61) फुल बॉडी पॅकेज केलं, त्यात कॅन्सर प्रोफाइलही होतं, म्हणजे मार्कर म्हणतात त्या रक्ततपासण्या. सीईए 6.4 आणि सीए 19-9 हे 51 आलं. दोन्हीपुढे जाड अक्षरात 'एच' (हाय, म्हणजे जास्त) छापलंय. पीएसए (प्रोस्टेटचा) 2.1 आणि एएफपी (लिव्हरचा) 3, ते ठीक म्हणे. आबांना दहा वर्षांपासून शुगर आहे, एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) 9.8 निघाला. रोज एक बंडल बिडी लागते. बाकी शेतात जातात, जेवण नेहमीसारखं आहे, "माले काहीच व्हयेल नही" म्हणतात. लॅबवाल्यानं पेट स्कॅन करून घ्या म्हणून सांगितलं. कापसाचे पैसे आलेत, ते त्यात घालायची तयारी आहे. आबांना अजून काही सांगितलेलं नाही. दुसरं, शहाद्याच्या मावशीचं (वय 54) अंडाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि केमो झाली, केमो संपून वर्ष झालं. तेव्हा सीए 125 (त्या कॅन्सरचा मार्कर) हे 9 होतं, मग 11, मग 18, आणि परवा 29. रिपोर्टवर 35 पर्यंत नॉर्मल लिहिलंय म्हणून सगळे निर्धास्त आहेत. आबांना मुंबईला न्यायचं का? आणि मावशीचं बरोबर चाललंय ना?

उत्तर :

भाऊ, आधी मावशीच्या डॉक्टरांना फोन करा. आबांचं त्यानंतर बघू. तुमच्या घरात 'एच' छापलेल्या रिपोर्टची धावपळ चाललीय आणि 'एच' नसलेला रिपोर्ट कपाटात गेलाय. आम्हाला मात्र तातडीचा मावशीचा वाटतो.

35 ही सीमा निरोगी बायकांचं रक्त तपासून ठरवलेली आहे. ज्या बाईला अंडाशयाचा कॅन्सर होऊन गेला, अंडाशय-गर्भाशय काढलं, केमो झाली, तिच्यासाठी ती सीमा फारशी कामाची नाही. तिची तुलना तिच्या स्वतःच्याच सगळ्यात खालच्या आकड्याशी करायची असते. मावशीचा तो आकडा 9. तिथून 11 म्हणजे काहीच नाही, एवढा फरक मशीनमध्येही पडतो. पण 18 आणि पुढे 29, म्हणजे खालच्या आकड्याच्या तिप्पट. खालच्या आकड्यापासून 5-10 युनिटनं वर जाऊन चढतच राहिलेलं सीए 125 बघितलं की कॅन्सरचे डॉक्टर सावध होतात, मग तो आकडा 35 च्या आत असला तरी. आजार परतत असेल तर पोट फुगणं, भूक मरणं, लवकर पोट भरणं ही लक्षणं दिसायच्या काही महिने आधी हा आकडा हलू लागतो.

म्हणून लगेच आजार परतला असं धरू नका. परवाची तपासणी कुठे केली ते आधी विचारा. शहाद्याहून कोणी धुळ्याला जातं, कोणी सुरतेला, आणि जिथे गेले तिथेच रक्त देऊन येतात. सीए 125 मोजणाऱ्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीन त्याच रक्ताचे वेगवेगळे आकडे देतात, कारण प्रत्येकीच्या किटमधली अँटिबॉडी निराळी असते. 18 एका लॅबचं आणि 29 दुसऱ्या लॅबचं असेल तर ती चढ खरी की मशीन बदलल्याची, हे कोणालाच सांगता येणार नाही. रिपोर्टच्या तळाशी पद्धत लिहिलेली असते, सीएलआयए किंवा ईसीएलआयए अशी. चारही रिपोर्ट समोर ठेवून तेवढी ओळ जुळते का बघा. पद्धत जुळली तरी मशीनची कंपनी वेगळी असू शकते, म्हणून लॅबही तीच हवी. जुळत नसेल तर आधीच्या लॅबमध्येच तीन-चार आठवड्यांनी पुन्हा रक्त द्या, आणि पुढे कायम तिथेच.

मावशीला दुसरं विचारायचं ते केसांच्या गोळ्यांचं. केमोनंतर केस नीट यावेत म्हणून पुष्कळ बायका बायोटिन घेतात. आपल्याकडे मिळणाऱ्या गोळीत ते बहुधा 10 मिलिग्रॅम असतं. काही मशीनची मोजणीच बायोटिनच्या जोडणीवर चालते. रक्तात बायोटिन जास्त असलं की सीए 125 खोटं कमी येतं. मावशीनं मधे गोळ्या घेतल्या आणि मग बंद केल्या असतील तर आधीचे आकडे खोटे कमी असण्याची शक्यता राहते. पुढच्या तपासणीआधी गोळी दोन-तीन दिवस बंद ठेवायची आणि लॅबला तसं सांगायचं.

पुन्हा केलेल्या तपासणीतही आकडा चढताच आला तर डॉक्टर पोटाचा आणि ओटीपोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी (शिरेत औषध टोचून काढतात तो स्कॅन) सांगतील. इथे एक गोष्ट मनाची तयारी म्हणून सांगून ठेवतो. सीटी स्वच्छ आला, मावशीला त्रासही नाही, आणि डॉक्टर म्हणाले "केमो आत्ता नको, लक्ष ठेवू", तर ती हयगय समजू नका. 2010 साली 500 हून जास्त बायकांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. निव्वळ सीए 125 वाढलं म्हणून लगेच केमो सुरू केलेल्या बायका, लक्षणं येईपर्यंत थांबलेल्या बायकांपेक्षा जास्त जगल्या नाहीत. केमोचा त्रास तेवढा आधीपासून भोगला. पण सीटीत एखाद-दुसरी गाठ दिसली आणि ती पूर्ण काढता येण्यासारखी असली, तर निवडक रुग्णांत दुसऱ्या ऑपरेशनचा फायदा होतो. म्हणून आकडा दाबून बसायचं नाही, डॉक्टरांपर्यंत पोचवायचा.

मावशीचा बीआरसीए जनुकाचा (यात दोष असला की अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो) रिपोर्ट फाइलमध्ये आहे का तेही बघा. अंडाशयाचा नेहमीचा, आवरणाच्या पेशींचा कॅन्सर झालेल्या प्रत्येक बाईला ही तपासणी सुचवली जाते, साध्या रक्तावर होते. बीआरसीएत दोष निघाला तर मावशीच्या पुढच्या औषधांवर फरक पडतो. आणि मावशी म्हणजे तुमच्या आईची सख्खी बहीण असेल, तर आईतही तोच दोष असण्याची शक्यता निम्मी. मग आईची तपासणी करायची, आणि आईत निघाला तरच पुढे तुमची आणि तुमच्या बहिणींची. तुमच्या घरच्या बायकांसाठी कुठल्याही शिबिराच्या प्रोफाइलपेक्षा हा एक कागद जास्त मोलाचा आहे.

डॉक्टरांकडे जाताना मावशीची फाइल अशी न्या : बायोप्सीचा मूळ रिपोर्ट, ऑपरेशनची नोंद, केमोचा तक्ता, जुन्या सीटीची सीडी, आणि एका कागदावर तारीख, आकडा, लॅब अशा चार ओळी. दुसऱ्या हॉस्पिटलचं मत घ्यायचं ठरलं तर ऑपरेशन जिथे झालं तिथून स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्या. ब्लॉक म्हणजे मेणात ठेवलेला गाठीचा तुकडा. तो मागायचा राहिला म्हणून टाटाच्या दारातून परत फिरावं लागलं, असं होऊ देऊ नका.

आता आबा.

सीईए हा कॅन्सरनंच तयार होणारा पदार्थ नाही. 1965 मध्ये तो मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये आणि गर्भाच्या आतड्यात सापडला, तेव्हा एका रक्तावर कॅन्सर ओळखता येईल अशी आशा होती. ती पुरी झाली नाही, कारण निरोगी माणसाच्या आतड्यातही तो थोडा बनतो आणि धूम्रपान करणाऱ्यात जास्त. बिडी-सिगारेट न ओढणाऱ्याला साधारण 3 पर्यंत आणि ओढणाऱ्याला 5 पर्यंत चालतं असं धरतात, एकक नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. रोज एक बंडल ओढणाऱ्या माणसात 6.4 हे नवल नाही. लिव्हरचा आजार, जुना दमा-खोकला, आतड्याची सूज, थायरॉइड कमी असणं, यांनीही तो एवढा चढतो. कॅन्सर नसताना तो 10 च्या वर मात्र क्वचितच जातो. ती रेघ लक्षात ठेवा.

सीए 19-9 ची सीमा 37. हा मार्कर स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी प्रसिद्ध आहे, पण पित्तनळी तुंबून कावीळ झाली की तो शेकड्यात जातो, आणि शुगर बेताल असली तरी वाढतो. आबांचा एचबीए1सी 9.8 आहे. 51 चा खुलासा त्यातच असण्याची शक्यता चांगली आहे. उलट बाजूही सांगतो : शंभरातल्या पाच ते दहा माणसांचं रक्त जन्मतःच असं असतं की त्यांच्यात सीए 19-9 बनतच नाही. त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला तरी आकडा शून्याजवळ. म्हणजे वाढलेला आकडा आजार सिद्ध करत नाही, आणि नॉर्मल आकडा आजार नाकारत नाही. सुरुवातीच्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये सीईए बऱ्याच जणांत नॉर्मलच असतं.

मग शिबिरातून इतक्या लोकांना 'एच' का येतो? हिशोब करून बघा. नॉर्मलची पट्टी साधारण अशी आखतात की 100 निरोगी माणसांपैकी 95 आत बसतील आणि 5 बाहेर पडतील. एका पॅकेजमध्ये असे पाच मार्कर घातले तर 100 निरोगी माणसांपैकी 22-23 जणांना एकातरी मार्करपुढे 'एच' मिळणार. आता समजा 10,000 लोकांत एखादा कॅन्सर 10 जणांना आहे. तपासणी चांगली म्हणून तिनं 8 पकडले. पण उरलेल्या 9,990 मधल्या 5 टक्क्यांना, म्हणजे सुमारे 500 जणांना, तिनं उगाच घाबरवलं. 'एच' आलेल्या 508 मध्ये खरे रुग्ण 8. हे आकडे समजण्यापुरते घेतलेत, पण सीईए, सीए 19-9, सीए 125, सीए 15-3 (स्तनाच्या कॅन्सरचा) हे धडधाकट माणसात शोध म्हणून का करत नाहीत त्याचं कारण हेच. ब्रिटनमध्ये 2 लाखांवर बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, त्यातल्या काहींचं दरवर्षी सीए 125 बघितलं. 2021 मध्ये निकाल आला : त्यामुळे अंडाशयाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू कमी झाले नाहीत.

पेट स्कॅन तर आत्ता मुळीच नको. त्यात किरणोत्सारी साखर टोचतात आणि ती कुठे शोषली जाते ते बघतात. रक्तातली साखर 200 च्या वर असली तर टोचलेली साखर नीट शोषलीच जात नाही, फोटो फसतो. बहुतेक केंद्रं अशा वेळी माणसाला परतच पाठवतात. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी चालू असेल तर सगळं आतडं चमकतं. जुन्या टीबीच्या गाठीही चमकतात. मग त्या चमकेमागे दुर्बीण, बायोप्सी, आणि कापसाचे पैसे संपलेले. ज्यानं मशीनवर आकडा काढला त्यानं पुढचा स्कॅन ठरवायचा नसतो. ते आबांना हात लावून तपासणाऱ्या डॉक्टरांचं काम.

तर असं करा. अमळनेर किंवा जळगावच्या एखाद्या एमडी फिजिशियनकडे आबांना घेऊन जा, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची ओपीडीही चालेल. जाण्याआधी घरी काही गोष्टी नीट विचारून, लिहून ठेवा. गेल्या सहा महिन्यांत वजन उतरलंय का? आबा सांगणार नाहीत, धोतर-पँट सैल झाली का ते बघा आणि रेशन दुकानाच्या नाहीतर दवाखान्याच्या काट्यावर वजन करून घ्या. शौचाची सवय बदललीय का, रक्त पडतं का, काळी होते का? मूळव्याध आहे म्हणून रक्त पडतं असं आपलं आपण ठरवू नका. खोकला दोन आठवड्यांच्या वर आहे का, थुंकीत रक्त? डोळे पिवळे, लघवी गडद, पाठीत आरपार जाणारं पोटदुखणं? आणि शुगर : दहा वर्षांपासून आहे हे ठीक, पण या वर्षभरात काही कारण नसताना ती एकदम बिघडली आणि सोबत वजनही उतरलं, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. पन्नाशीनंतर शुगर अचानक बिघडणं आणि वजन घटणं ही जोडी स्वादुपिंडाकडे बोट दाखवते. अशा वेळी डॉक्टर दुसऱ्या आकड्याची वाट न बघता कॉन्ट्रास्ट सीटी करतात. त्याआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघून घेतात.

यातलं काहीच नसेल तर सीबीसी (रक्तपेशींची साधी तपासणी), लिव्हरची तपासणी, पोटाची सोनोग्राफी, छातीचा एक्स-रे आणि शौचातलं लपलेलं रक्त एवढं पुरतं. हिमोग्लोबिनकडे खास बघा. साठीच्या पुरुषाचं हिमोग्लोबिन लोह कमी पडून उतरलं असेल, तर सीईए काहीही असो, आतड्याची दुर्बीण तपासणी करायलाच हवी. आमच्या मते आबांच्या रिपोर्टमध्ये सीईएपेक्षा हिमोग्लोबिनचा आकडा आधी वाचायला हवा होता. तो तुम्ही पत्रात लिहिलेला नाही, तेवढा काढून बघा.

सीईए आणि सीए 19-9 सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा करा, मधल्या काळात शुगर आटोक्यात आणा आणि बिडी बंद करा. दोन्ही आकडे खाली आले किंवा तिथेच राहिले आणि बाकी सगळं स्वच्छ असेल, तर ते मार्कर पुन्हा करायचं कारण उरत नाही. सीईए 10 च्या पुढे गेलं, किंवा दोन्हीपैकी एक दुप्पट झालं, तर सीटी आणि दुर्बीण. हे दोन्ही जळगाव-धुळ्यात होतं. मुंबई त्यानंतर, बायोप्सीत काही निघालं तर.

रक्त कुठे द्यायचं याबद्दलही थोडं. उपाशीपोटी असण्याची गरज नाही. पण गावात काढलेलं रक्त दुपारपर्यंत मोटारसायकलच्या डिक्कीत फिरत नाशिक-मुंबईला जाणार असेल तर देऊ नका. नळीतलं रक्त अर्ध्या तासात गोठलं की लगेच फिरवून सीरम वेगळं करायचं आणि 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 ला जातो, तेव्हा हे पाळणं फार महत्त्वाचं. सेंट्रिफ्यूज, म्हणजे रक्त फिरवायचं यंत्र, जागेवर आहे त्या लॅबमध्येच जाऊन रक्त द्या.

आणि आबांच्या तोंडात बॅटरी मारून बघितलीत का? आपल्या भागात पुरुषांमध्ये सगळ्यात जास्त धास्ती घ्यावी असा कॅन्सर तोंडाचा, आणि त्याला रक्ताचा भरवशाचा मार्करच नाही. हजारोंच्या पॅकेजमध्ये तो सुटतो आणि फुकटच्या बॅटरीत सापडतो. गालांच्या आतली बाजू, ओठ आणि हिरडीमधली खाच, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखाली, टाळू. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारं फोड-जखम, हात लावल्यावर कडक लागणारी जागा. आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील तर तोंड आवळायला लागलंय. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, पण पुड्या कुठे मिळतात ते गावातल्या पोरांना माहीत आहे, म्हणून हे घरातल्या तरण्यांचंही बघा. प्राथमिक आरोग्य केंद्रात तिशीपुढच्या सगळ्यांची तोंडाची, आणि बायकांची स्तनाची व गर्भाशयमुखाची तपासणी मोफत होते. आईला त्यासाठी न्या.

त्याच शिबिरात घरातल्या बायकांचंही सीए 125 केलं असेल आणि थोडं वाढलेलं असेल, तर पाळीच्या दिवसांत काढलं होतं का ते आधी विचारा. पाळी, गर्भाशयातल्या साध्या गाठी, गरोदरपण, कशानंही ते वाढतं. पोटात पाणी आणि सीए 125 कित्येक शेकड्यांत, अशा बाईचा शेवटी पोटाचा टीबी निघतो हे आपल्या देशात पुष्कळदा होतं. म्हणून पाणी आणि तुकडा तपासल्याशिवाय कॅन्सर हा शब्द कोणी उच्चारू नये.

पीएसएचं 2.1 आबांच्या वयाला ठीक आहे. आबा प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड घेत असतील तर मात्र सांगा. ती गोळी सहा महिने घेतली की पीएसए निम्मं दिसतं, म्हणजे 2.1 चं 4.2 धरायचं.

राहिलं आबांना सांगण्याचं. सांगा. न सांगता त्यांना जळगावला नेणार कसे, आणि शौचाचं खरं विचारणार कसं? "रक्तात दोन आकडे थोडे वर आलेत, बिडीनं आणि शुगरनंही येतात, दोन महिन्यांनी पुन्हा बघायचेत, तोवर बिडी बंद" एवढंच सांगायचं. हे सगळं खरंही आहे. खर्चाची धास्ती घेतली तर सांगा की पुढे काही निघालंच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. आधार आणि रेशनकार्ड घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला भेटायचं, आणि पैसे भरण्याआधी भेटायचं. बिडी सोडण्यासाठी 1800-11-2356 हा सरकारचा मोफत नंबर आहे. फोन आबांच्या हातात द्या, बोलणं त्यांनाच करू द्या.